पत्ता डेक्स्टरचा, करपावती वेबस्टर टाऊनशिपची: मग आमचे गाव नेमके कोणते?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. डेट्रॉइटच्या पश्चिम उपनगरांत अकरा वर्षे भाड्याने राहिल्यानंतर गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिशिगनमधल्या वॉश्टेनॉ काऊंटीत (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), पाच एकरांच्या तुकड्यावरचे एक जुने घर विकत घेतले. टपालाचा पत्ता डेक्स्टर शहराचा आहे, त्यामुळे आपण डेक्स्टरचे रहिवासी झालो असे समजून मी शहराच्या कार्यालयात एका परवानगीची चौकशी करायला गेलो, तर तुमचे घर आमच्या हद्दीत येत नाही, तुम्ही वेबस्टर टाऊनशिपमध्ये राहता, असे मला सांगण्यात आले. करपावती पाहिली तर तिच्यावर खरोखरच वेबस्टर टाऊनशिपचे नाव होते आणि मी ते आजवर वाचलेच नव्हते.

माझे वडील सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले. फोनवर त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "तुमचे गाव कोणते आणि त्याची शीव कुठवर?" मला उत्तर देता आले नाही. येथे बाजारपेठ नाही, चौक नाही, देऊळ सोडाच पण दुकानांची एक ओळसुद्धा नाही; शेते, झाडी, तळी आणि एकमेकांपासून लांब असलेली घरे एवढेच दिसते. टाऊनशिप म्हणजे गाव म्हणावे तर गाव कुठे आहे?

याला जोडून दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. आमच्या घरासमोरचा रस्ता खडीचा आहे आणि बर्फ वितळू लागला की त्याचा चिखल होतो, तर तो दुरुस्त करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा? दुसरे म्हणजे, घर घेताना एजंटने आधीच्या मालकाचा कर दाखवून "एवढाच येईल" असे सांगितले होते, पण या आठवड्यात आलेल्या मूल्यांकनाच्या पत्रात करपात्र किंमत जवळजवळ दुप्पट झालेली दिसते. ही चूक आहे का?

साखळीवाला

तुमच्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि गाव सापडत नाही याचे कारण असे की आपल्याकडे आधी वस्ती झाली व तिच्याभोवती शीव ठरली, तर येथे आधी शीव आखली गेली आणि माणसे नंतर आली. टाऊनशिप म्हणजे गावठाण नसलेले शिवार, असे समजलात तर निम्मा गोंधळ मिटेल.

स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज डोक्यावर असलेल्या नव्या अमेरिकी सरकारकडे रोकड नव्हती, पण पश्चिमेकडे जमीन होती, आणि ती विकायची तर आधी मोजायला हवी होती. त्यासाठी १७८५ साली एक अधिनियम झाला आणि त्यानुसार सगळा मुलूख सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत पाडायचे ठरले. त्या एका चौकोनाला टाऊनशिप म्हणतात. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे असतात, त्या प्रत्येकाला सेक्शन म्हणतात आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा असतो. सोळाव्या क्रमांकाच्या सेक्शनचे उत्पन्न शाळेसाठी राखून ठेवायचे, हेही त्याच अधिनियमात होते. हा मुलूख अर्थातच रिकामा नव्हता. आग्नेय मिशिगनची जमीन ओडावा, ओजिब्वे, वायंडॉट आणि पोटावाटोमी या लोकांकडून १८०७ च्या डेट्रॉइट तहाने घेतलेली आहे. तुमच्या प्रदेशाची मोजणी ज्या उभ्या रेषेपासून सुरू होते ती मिशिगन मेरिडियन त्याच तहाच्या पश्चिम सीमेवरून काढलेली आहे, म्हणजे तहाची खूण आजही प्रत्येक खरेदीखतात शिल्लक आहे.

आडवी मूळ रेषा, म्हणजे बेसलाइन, तुम्ही अनेकदा ओलांडली असेल, कारण डेट्रॉइटचा सुप्रसिद्ध एट माइल रोड तिच्यावरच आहे. हीच रेषा पश्चिमेकडे जात वॉश्टेनॉ काऊंटीची उत्तर सीमा होते आणि तुमच्या वेबस्टर टाऊनशिपचीही. मोजणीच्या भाषेत वेबस्टर म्हणजे 'टाऊन १ दक्षिण, रेंज ५ पूर्व': बेसलाइनच्या दक्षिणेची पहिली ओळ आणि मेरिडियनच्या पूर्वेचा पाचवा स्तंभ. दक्षिणेची शीव जॉय रोडच्या रेषेवर येते. डेट्रॉइटच्या मैल-रस्त्यांच्या मोजणीत जॉय रोड हा दुसऱ्या मैलाचा रस्ता, म्हणजे आठातून दोन वजा केले की नेमके सहा मैल उरतात. वडिलांना शीव सांगायची असेल तर ही घ्या.

सेक्शनांचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेकडे १ ते ६, दुसरी पश्चिमेकडून पूर्वेकडे ७ ते १२, तिसरी पुन्हा उलट. नांगर धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. नांगराची एक ओळ संपली की बैल जसे वळतात तसेच हे आकडे वळतात.

मोजणीचे साधन होते ६६ फुटांची गुंटरची साखळी. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी तिच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची होती आणि तिचा एक चौरस म्हणजेच आपला गुंठा. तेव्हा गुंटरच्या साखळीच्या एका चौरसात बरोबर चार गुंठे बसतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर दोन्हीकडे सारखाच भरतो. मिशिगनमधल्या ग्रामीण रस्त्यांची सरकारी रुंदीही बहुधा ६६ फूट, म्हणजे एक साखळी असते. साताऱ्यात नोकरी केलेल्या माणसाला हा हिशेब आवडेल.

कागदावरचा चौकोन जमिनीवर मात्र तंतोतंत उतरत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळ येत जातात. ती तूट उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या काठावरच्या सेक्शनांमध्ये सामावून घेतात, म्हणून तेथे ६४० एकर पुरे भरत नाहीत. मिशिगनमध्ये तर मेरिडियनच्या पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची बेसलाइन एकमेकींना नीट भेटलीच नाहीत. दोन आरंभबिंदूंमध्ये ९०० फुटांहून अधिक अंतर राहिले आणि आज त्या जागी, चुकीचे स्मारक म्हणावे असे, एक राज्य उद्यान आहे. शिवाय तुमच्याकडची जमीन हिमनद्यांनी घडवलेली आहे. बर्फाने ढकलत आणलेल्या खडी-मातीचे उंचवटे आणि बर्फाचे गाडले गेलेले तुकडे वितळून झालेली तळी यांमुळे सेक्शनच्या रेषेवरून सरळ निघालेला रस्ता मध्येच थांबतो किंवा वळसा घेतो, आणि नैऋत्य भागात ह्यूरन नदी तर चौकोनाची काहीच पर्वा करत नाही.

हिशेबी

वरील उत्तराने भूगोल इतका स्पष्ट केला आहे की मी सरळ कारभाराकडे वळतो. मी स्वतः मिशिगनमधल्याच एका टाऊनशिपच्या नियोजन समितीवर काही वर्षे होतो.

मोजणीचा चौकोन आणि कारभाराची टाऊनशिप या खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८२५ मध्ये एरी कालवा खुला झाल्यावर न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडकडून शेतकरी कुटुंबे लोंढ्याने मिशिगनमध्ये आली, त्यांनी सभा भरवून स्थानिक कारभार करण्याची आपली रीत सोबत आणली, आणि तिला तयार मिळालेली हद्द म्हणजे हे चौकोन. वेबस्टर टाऊनशिप १८३३ ची, म्हणजे मिशिगनला राज्याचा दर्जा मिळण्याच्या चार वर्षे आधीची आहे, आणि तिचे नाव सिनेटर डॅनियल वेबस्टर यांच्यावरून ठेवलेले आहे. आज मिशिगनमध्ये ८३ काऊंट्या आणि १,२४० टाऊनशिप आहेत, आणि शहरांच्या हद्दीबाहेरची सगळी जमीन कोणत्या ना कोणत्या टाऊनशिपमध्ये येते.

डेक्स्टरचा गोंधळ यातूनच होतो. मिशिगनमध्ये 'व्हिलेज' हे टाऊनशिपचाच भाग असते आणि तेथील रहिवासी दोन्हींना कर देतात व दोन्हींसाठी मत देतात, पण 'सिटी' टाऊनशिपमधून पूर्णपणे बाहेर पडते. डेक्स्टर २०१४ पर्यंत व्हिलेज होते, त्यानंतर सिटी झाले. टपाल खात्याला या हद्दींशी काही देणेघेणे नाही. पत्र कोणत्या कार्यालयातून वाटले जाते तेवढेच ते पाहते. शाळांची हद्द तिसरी, ग्रंथालयाची चौथी. म्हणून येथे "तुम्ही कुठे राहता" या प्रश्नाला एकच उत्तर नसते, आणि मुलांच्या शाळेचा निर्णय तर पत्ता पाहून कधीही करू नये.

टाऊनशिपचे मंडळ पाच किंवा सात जणांचे असते: सुपरवायझर, क्लार्क, खजिनदार आणि दोन किंवा चार विश्वस्त. यांची निवडणूक दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबरोबरच नोव्हेंबरमध्ये आणि पक्षाच्या चिन्हाखाली होते. येथील क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. दप्तर, मतदार यादी, निवडणुकीचे काम आणि हिशेबाची वही ज्याच्या हाती असते असा तो लोकांनी निवडून दिलेला अधिकारी आहे. तुमच्या वडिलांना याचे नवल वाटेल, कारण आपल्याकडे सरपंच लोकांचा आणि ग्रामसेवक वरून नेमलेला असतो. येथे वरून कोणीच येत नाही. क्लार्कला काम जमत नसेल तर बदलीसाठी जिल्हा परिषदेत खेटे घालायची सोय नाही, चार वर्षे वाट पाहायची.

कायद्याने टाऊनशिपवर सक्तीची कामे तीनच आहेत: मालमत्तेचे मूल्यांकन, करवसुली आणि निवडणुका. बाकीचे कितपत करायचे ते मंडळाने आणि मतदारांनी ठरवायचे. जमिनीच्या वापराचे नियम, म्हणजे झोनिंग, हे ग्रामीण टाऊनशिपचे खरे हत्यार आहे, कारण घरासाठी किमान किती एकर लागतील हे ठरवले की गाव किती दाट होणार ते ठरते. पोलीस नसतात, काऊंटीचा शेरीफ असतो. अग्निशामक दल शेजाऱ्यांबरोबर मिळून चालवतात. नळाचे पाणी आणि गटार बहुतेक ठिकाणी नाहीच. प्रत्येकाची विहीर आणि सेप्टिक टाकी, आणि त्यांची देखरेख काऊंटीच्या आरोग्य खात्याकडे. तुमच्या काऊंटीत घर विकताना या दोन्हींची तपासणी सक्तीची आहे, तेव्हा तो अहवाल तुमच्या कागदपत्रांत असेल, तो जपून ठेवा. आणखी एक गोष्ट जाता जाता: शेजारच्या शेतात शेणखत पडले की वासाची तक्रार घेऊन टाऊनशिपकडे जाऊ नका. १९८१ च्या शेतीहक्क कायद्याने मान्य पद्धतीने शेती करणाऱ्याला संरक्षण आहे.

रस्त्यांबद्दल नवे लोक नेहमी चुकतात. पूर्वी रस्ते टाऊनशिपचेच होते, पण मंदीच्या काळात त्यांना तो भार झेपेना, तेव्हा १९३१ च्या मॅकनिट कायद्याने ते टप्प्याटप्प्याने काऊंटीच्या रस्ते विभागाकडे गेले. टाऊनशिप आपल्या पैशातून जादा खडी किंवा धूळ बसवणारे मिठाचे पाणी पुरवू शकते आणि बऱ्याच जणी पुरवतातही, पण रस्त्याची मालकी काऊंटीची. अर्ज तिकडे करा.

आता कर. तुमच्या पत्रात चूक नाही. एजंटने अर्धवट सांगितले. १९९४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझल ए' या घटनादुरुस्तीनुसार घर एकाच मालकाकडे असेपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षाला महागाईइतकी किंवा पाच टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढीच वाढते. घर विकले की पुढच्या वर्षी ते झाकण निघते आणि करपात्र किंमत थेट बाजारभावाच्या निम्म्यावर येते. समजा तुमचे घर ४ लाख डॉलरचे आहे, तर निम्मे म्हणजे २ लाख. आधीच्या मालकाने पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेले असल्याने त्याची करपात्र किंमत १ लाख १० हजारांवरच राहिली असेल. दर ४० मिल, म्हणजे हजार डॉलरमागे ४० डॉलर धरला तर त्याला ४,४०० भरावे लागत होते आणि तुम्हाला ८,००० भरावे लागतील. मार्चमध्ये बसणाऱ्या पुनर्विलोकन मंडळापुढे तुम्ही जरूर जा, पण तेथे "दुप्पट का केलेत" असे म्हणून उपयोग नाही. घराची बाजारातली किंमत त्यांनी धरली आहे त्याहून कमी आहे, हे आसपासच्या विक्रीचे आकडे दाखवून पटवावे लागते. राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज केला आहे ना, तेही तपासा, कारण त्याने शाळांसाठीचा १८ मिलपर्यंतचा एक कर माफ होतो आणि तो अर्ज राहून गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

एवढा कर घेऊन टाऊनशिप करते काय, असा राग येईल. पावतीच्या ओळी वाचा. खजिनदार काऊंटीचा, शाळांचा, राज्य शिक्षणनिधीचा, कम्युनिटी कॉलेजचा, ग्रंथालयाचा आणि उद्यानांचाही कर एकाच बिलात गोळा करतो आणि ज्याचा त्याला देऊन टाकतो. ग्रामीण टाऊनशिपचा स्वतःचा वाटा त्यात फार थोडा असतो. तिचा बराचसा खर्च राज्याच्या विक्रीकरातून लोकसंख्येच्या प्रमाणात मिळणाऱ्या हिश्श्यावर चालतो.

एडिसनकर

विषय मिशिगनचा असला तरी एक इशारा द्यावासा वाटतो, कारण हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातले कोणी घर घ्यायला निघेल. मी न्यू जर्सीतल्या एडिसन टाऊनशिपमध्ये राहतो. तिचे नाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाऊनशिप होते. येथे चौकोन नाही, शेतही नाही, आणि पोलीस, रस्ते, महापौर सर्व काही स्वतःचे आहे. तुमच्या भाषेत ही महानगरपालिकाच. न्यू जर्सीत टाऊनशिप हे कारभाराच्या एका प्रकाराचे नाव आहे, ग्रामीणपणाचे नव्हे. पेनसिल्व्हेनियात तर ग्रामीण टाऊनशिपना आपले रस्ते आजही स्वतःच सांभाळावे लागतात, आणि बर्फ काढण्याचे यंत्र हे तेथल्या अंदाजपत्रकातले मोठे कलम असते. तेव्हा "रस्ता काऊंटीचा" हे वाक्य मिशिगनच्या सीमेपलीकडे नेऊ नये.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. सवलतीचा अर्ज केलेला होता, सुटकेचा निःश्वास टाकला. काल रात्री खरेदीखत काढून पहिल्यांदाच जमिनीचे वर्णन वाचले. त्यात "सेक्शन २२, ईशान्य चतुर्थांशाच्या नैऋत्य चतुर्थांशातील भाग" असे लिहिले आहे. हे कसे वाचावे? आणि आम्ही अजून नागरिक नाही, तेव्हा मत देता येत नाही. अशा माणसाने टाऊनशिपच्या बैठकीला जाण्यात अर्थ आहे का?

साखळीवाला

वर्णन नेहमी शेवटाकडून वाचत यावे. सेक्शन २२ चौथ्या ओळीत येतो, म्हणजे तुम्ही बेसलाइनपासून तीन ते चार मैल दक्षिणेला आणि टाऊनशिपच्या पश्चिम शिवेपासून तीन ते चार मैल पूर्वेला आहात. त्या चौरस मैलाचे चार भाग केले की ईशान्येचा भाग १६० एकरांचा. त्याचे पुन्हा चार केले की नैऋत्येचा भाग ४० एकरांचा. त्या चाळीस एकरांतले पाच तुमचे. या चाळीस एकरांचा नैऋत्य कोपरा म्हणजे सेक्शनचा नेमका मध्यबिंदू होय.

यावरून मात्र मला तुमच्या रस्त्याबद्दल शंका आली. काऊंटीचे जुने रस्ते मुख्यतः सेक्शनच्या कडेने गेलेले असतात, आणि हे चाळीस एकर कोणत्याही कडेला लागत नाहीत. जवळची कडसुद्धा पाव मैल दूर आहे. तेव्हा तुमच्या घरासमोरची खडीची वाट नंतर जमिनीचे तुकडे पाडताना काढलेली खासगी वाट असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल तर ती ना काऊंटीची ना टाऊनशिपची. तिच्यावरच्या घरमालकांनीच ती सांभाळायची असते आणि तसा करार सहसा नोंदवलेला असतो. काऊंटीच्या रस्ते विभागाच्या प्रमाणित नकाशात तुमचा रस्ता आहे का, ते आधी पाहा.

हिशेबी

हे माझ्या लक्षात यायला हवे होते; रस्त्याबद्दलचा माझा सल्ला तोवर बाजूला ठेवा.

बैठकीबद्दल सांगतो. मिशिगनच्या १९७६ च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार मंडळाचे निर्णय लोकांसमोर घ्यावे लागतात आणि कोणालाही, नागरिक असो वा नसो, बोलण्याची वेळ द्यावी लागते. साध्या प्रकारच्या टाऊनशिपमध्ये मार्चच्या शेवटच्या शनिवारी मतदारांची वार्षिक सभा भरण्याचीही जुनी पद्धत आहे. ती आपल्या ग्रामसभेची दूरची बहीण म्हणता येईल, फक्त हात वर करण्याचा हक्क नोंदणीकृत मतदारालाच असतो. अनेक मंडळांनी ही सभा बंद केलेली आहे, तेव्हा क्लार्कला फोन करून विचारा. माझा अनुभव असा की महिन्याच्या बैठकीला खोलीत मंडळाखेरीज चार-पाच माणसे असतात, आणि त्यांतला एक जण झोनिंगच्या प्रस्तावावर मुद्देसूद बोलला तर मत नसूनही त्याचे ऐकले जाते.

रानवाट

शंका खरी ठरली. प्रमाणित नकाशात आमचा रस्ता नाही. घराच्या कागदांत देखभालीचा करार सापडला. या वाटेवर सात घरे आहेत, प्रत्येकाने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची आणि बर्फ काढणे व खडी टाकणे त्यातून करायचे, असे त्यात लिहिले आहे. आमची यंदाची रक्कम थकलेली होती आणि शेजारच्या आजोबांनी संकोचाने मागितली नव्हती, हेही आज चौकशी केल्यावर कळले. चेक देऊन आलो.

वडिलांना चौकोन, साखळी, क्लार्क, सगळे सविस्तर सांगितले. साखळीचा हिशेब त्यांनी दोनदा करून पाहिला आणि तो जुळल्यावर ते खूश झाले. निवडून आलेला क्लार्क मात्र त्यांना अजून पटलेला नाही. दप्तर कोण तपासते, असे ते विचारत राहिले. सात घरे आणि त्यांची वर्गणी ऐकल्यावर ते म्हणाले, "मग असे सांग की. गाव नाही, तुमची वस्ती आहे."